तिला न येणारा खेळ

नणंदेनं फोनवर निकाल देऊन टाकला. "वहिनी, दादाच्या खिशात पूड सापडते ती निळी ना? मग झालं तर! बाई असती तर गुलाबी असती."

ती हसली, फोन ठेवला, आणि नवऱ्याची पँट उलटी करून खिसा पुन्हा एकदा झटकून पाहिला. निळीच होती.

बाई नव्हतीच. पुढं जे झालं ते पाहता, असती तर बरं झालं असतं. बाईशी भांडता तरी येतं.

नवरा वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीमागे बसायचा. दिवसभर लोक काचेच्या भोकातून त्याच्यावर ओरडायचे, जणू प्रत्येकाच्या घरातला फ्यूज त्यानंच स्वतः जाऊन उडवला होता. घरी आला की चहा, "हं", पेपर, "हं", आणि मग "जरा जाऊन येतो". मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि घरात दोनच माणसं उरली. त्यातलं एक कायम जरा गेलेलं.

तिला काय हवं होतं? फार काही नाही. त्यानं तिच्याशी बोलावं. एखादं अख्खं वाक्य, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. घरी बोलत नाही म्हणजे जिथं जातो तिथं बोलत असणार, असा तिनं हिशेब केला. मग आपणही तिथं जावं. पण रिकाम्या हातानं नाही, शिकून.

हिशेब चुकला तो इथंच. गोष्ट मात्र पुढं चालू राहते.

स्नूकर

बाजारामागच्या इमारतीचं तळघर. वर दिव्यांची लांबट छत्री, खाली हिरवं कापड, बाकी खोलीत अंधारच. हॉल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे खडूकाका म्हणायचे, कारण क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावायचा निळा खडू त्याच्या बोटांवर, कानांवर आणि भुवयांवरसुद्धा होता. निळ्या पुडीचा माग काढत ती दुपारच्या सुट्टीत आली, नवरा खिडकीमागे शिव्या खात असताना.

"शिकायचंय? कशासाठी?"

"नवरा खेळतो."

"नवरे बरंच काय काय करतात, ताई. सगळं शिकत बसलात तर स्वयंपाक कोण करणार?"

"तुम्ही शिकवा तर खरं. स्वयंपाकाचं मी बघते."

तो शिकवू लागला. एक लाल, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. रंगीत बॉल टेबलाच्या कडेच्या भोकात, पॉकेटमध्ये, गेला तरी काढून परत जागेवर ठेवायचा. लाल गेला तो गेला. "हा खेळ वाट बघणाऱ्यांचा," खडूकाका म्हणाला. "घाई झालेल्यानं गल्लीत जाऊन गोट्या खेळाव्यात."

ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. काचेच्या कडेचा कोन केसभर चुकला तर माणसाला पायरी दोन दिसतात, हे तिच्या बोटांत मुरलेलं होतं. बॉलची कुठली बाजू टेबलाच्या कुठल्या कोपऱ्याकडे बघते हे तिला बघता बघता दिसू लागलं. खडूकाकाच्या निळ्या भुवया वर गेल्या.

"आणि समोरचा खेळत असताना आपण काय करायचं?" तिनं विचारलं.

"खुर्चीत बसायचं. गप्प."

"काहीच बोलायचं नाही?"

"श्वास घ्यायला हरकत नाही."

तिला तिथंच कळायला हवं होतं. पण तिचं लक्ष गुलाबी बॉलवर होतं. तो मधल्या पॉकेटच्या तोंडाशी असा रेंगाळत होता की

(गेला. खडूकाकानं टाळी वाजवली.)

एका संध्याकाळी ती सरळ त्याच्या वेळेलाच गेली. नवरा खुर्चीत बसलेला होता, क्यू गुडघ्यांमध्ये उभा धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. इतकं काही नसलेला तो चेहरा तिनं घरी कधी पाहिला नव्हता. पुढची पाळी तिनं घेतली आणि काळा बॉल आत घातला.

"अरे वा," तो म्हणाला.

दोन शब्द. ती घरापर्यंत जवळजवळ नाचतच आली.

पुढच्या आठवड्यापासून त्यानं तळघर सोडलं. वाकून पाठ दुखते म्हणाला.

पूल

"ताई, साहेब आता टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर जातात. मी सांगितलं असं सांगू नका," खडूकाका म्हणाला.

"पाठ दुखते ना त्यांची?"

"तिथं टेबल लहान आहे. पाठही लहान दुखत असेल."

"मला पूल शिकवा."

"तो खेळ आहे का? भाजीची गाडी उलटते तो प्रकार."

"उलटवायला शिकवा."

"...पाय लांब ठेवा. आणखी. आता मनातल्या मनात कुणाचं तरी नाव घ्या आणि मारा."

धाड.

"कुणाचं घेतलंत?"

"नणंदेचं."

खरं तर कुणाचंच नव्हतं. पण त्या आवाजानं तिला जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्रिकोणी चौकटीत दाटीवाटीनं बसवलेले ते बॉल एका फटक्यात दाही दिशांना पांगले, आणि तिला वाटलं, इतकी वर्षं आपण घरात एकही वस्तू आपटलेली नाही. स्नूकरमध्ये चूक पोटात धरून बसावं लागतं. इथं चुकलं तर हसायचं आणि पुढच्याला जागा द्यायची.

टायरवाल्याच्या वर गाणी जोरात असायची, बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागायचं. तिथल्या पोरांनी तिला काकू करून टाकली. "काकू, आठ नंबरच्या बॉलला हात लावू नका, पाया पडतो!" "काकू, तुमच्या चष्म्यात काहीतरी चीटिंग आहे!" ती हसत होती, सगळे हसत होते, आणि तेवढ्यात जिन्यावरून नवरा वर आला. त्यानं घोळका पाहिला, घोळक्याच्या मध्ये ती पाहिली.

"चालू द्या, चालू द्या," तो म्हणाला आणि खाली उतरला.

पोरांपैकी एकानं विचारलं, "काकू, कोण होते?"

"वीज कंपनीचे," ती म्हणाली, आणि हसणं आणखी वाढलं.

बिनपॉकेटचं

नवरा मग जाऊ लागला तो तिसरा हॉल निवृत्त कारकुनांच्या वाचनालयाला लागून होता. तीन बॉल आणि एक टेबल, टेबलाला एकही पॉकेट नाही. आपला बॉल उरलेल्या दोघांना लागला की एक गुण, बस्स. काही आत जात नाही, काही कमी होत नाही. तीन बॉल एकमेकांना हलकेच शिवतात आणि पुन्हा लांब जातात.

हा खेळ तिला सगळ्यात अवघड गेला आणि सगळ्यात आवडला. आधीचे दोन्ही खेळ ती त्याच्यासाठी शिकली होती. हा शिकताना तो कधी कधी दुपारभर आठवायचाही नाही. बॉल तीन कडांना लागून, अख्ख्या टेबलाला वळसा घालून, शेवटी लाल बॉलला नुसता टेकला की तिच्या अंगावर काटा यायचा. आता त्याला दाखवू, असं तिला वाटलं. हे दोघांनाही आवडेल असं आहे.

तो तिथं होता. पळून जायला वाचनालय सोडून जागा नव्हती. एक म्हातारा कारकून म्हणाला, "खेळा की दोघं, आम्ही बघतो." मग खेळावंच लागलं.

तो चुकला. ती खेळली. तो पुन्हा चुकला. कारकून चुकचुकले. "आज हात लागत नाही वाटतं."

पण ती भिंगं घासणारी होती. ज्याचा हात खरोखर चुकतो त्याचा बॉल कधी इकडून जातो, कधी तिकडून. ह्याचा दर वेळी डाव्याच बाजूनं, दर वेळी केसभरच अंतर ठेवून निसटत होता. इतकं नेमकं चुकायला फार चांगलं खेळता यावं लागतं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, "मुद्दाम चुकत होता ना?"

"हो."

"का?"

"लवकर संपावं म्हणून."

दुकानांची शटर अर्धी खाली आली होती. दोघं चालत राहिले, आणि मग तो बोलला. तिला हवं होतं तसं, सलग.

"मी तिथं खेळायला जातच नव्हतो. दिवसभर लोक माझ्याकडून काहीतरी मागत असतात. घरी आलो की तूही मागतेस. म्हणजे तू वाईट नाहीस, तू नुसतं बोला म्हणतेस, पण ते मागणंच झालं. टेबलापाशी मला कुणी काही मागत नाही. बॉलला माझ्याकडून काही नको असतं."

"आणि मी आले."

"आलीस. शिवाय चांगली खेळायला लागलीस. वाईट खेळली असतीस तर कंटाळून गेली असतीस."

ती म्हणाली, "दुसरी कुणी असती तर मला समजलं असतं."

"मलाही," तो म्हणाला.

घर

"उद्यापासून मी कुठंच जात नाही. तुम्ही जा."

"आता सगळीकडे तुझंच विचारतील. ताई कुठायत, काकू कुठायत."

तिनं खरंच सोडलं. तोही गेला नाही. संध्याकाळी चहा झाल्यावर दोघं समोरासमोरच्या खुर्च्यांत बसू लागले. नणंदेचा फोन आला. "जिंकलीस की गं वहिनी! दादा आता घरीच असतो म्हणे. काय जादू केलीस?" ती म्हणाली, "काही नाही, त्यांची पाठ बरी झाली." मान वळवून तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याला ऐकू आलं होतं. त्याला हसू आलं नव्हतं.

काही द्यावं असं तिच्याकडे एवढंच उरलं होतं, खडूकाकानं कधीतरी सांगितलेलं. बरेच दिवस तिनं ते जपून ठेवलं आणि एका संध्याकाळी देऊन टाकलं.

"नदीपलीकडे एक हॉल आहे म्हणे. बॉल मोठे, आणि पॉकेटं इतकी अरुंद की बॉल जेमतेम आत शिरतो. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी वैतागून सोडतात. मला तो खेळ येत नाही. मी शिकणारही नाही. शपथ घेते हवं तर."

त्यानं पेपर खाली ठेवला.

"मला माहीत होता तो," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात जाणार होतो."

"मग जा ना!"

"आता तुला माहीत आहे."

मी विसरून जाईन, असं ती म्हणणार होती. समोरच्या इमारतीत एकेका खिडकीत उजेड होत गेला. दोघांपैकी कुणीतरी उठून आपल्याही घरातला दिवा लावायला हवा होता.