जरासा वाकडा दात

“बाबा, हसा की जरा! पासपोर्टचा फोटो नाहीये हा.”

मुलीने मोबाईल समोर धरून पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा कवळीवाले हसले. हसले म्हणजे त्यांनी ओठ ताणले. मुलीने मोबाईल खाली घेतला.

“तुमचा पुढचा दात कुठाय?”

“पडला.”

“कधी?”

“झाली की वर्षं. तू होस्टेलवर होतीस.”

“अहो, अख्ख्या गावाच्या कवळ्या करता आणि स्वतःला एक दात करून घेता येत नाही?”

“मीही सांगून दमले,” आतून बायको म्हणाली. “त्यांचं लक्ष सगळं दुसऱ्यांच्या तोंडात.”

शेवटी मिटल्या तोंडाचाच फोटो फेसबुकच्या नव्या पेजवर चढला. त्यात कवळीवाले कुणावर तरी रुसल्यासारखे दिसत होते.

ही सगळी उठाठेव दातांच्या डॉक्टरीणबाईंमुळे. पेशंटच्या तोंडाचा साचा घ्यायचा त्यांनी आणि त्यावरून कवळी घडवायची कवळीवाल्यांनी, घराच्या पुढच्या खोलीत, मेण आणि प्लास्टरच्या वासात. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. बाकीचे डॉक्टर एकेक करून कॉम्प्युटरवर कवळ्या बनवणाऱ्या नव्या कारखान्याकडे वळले होते. राहिल्या होत्या या एकट्या. परवा त्याही म्हणाल्या, “काका, हल्ली पेशंट आधी मोबाईलवर बघतात, मग तोंड उघडतात. कारखान्याचे फोटो आहेत, व्हिडिओ आहेत. तुमचं काहीच नाही. मी काय दाखवू त्यांना? काहीतरी करा, नाहीतर मलाही तिकडे काम द्यावं लागेल.”

म्हणून पेज. मुलीने ते काढून दिलं, कुठे काय दाबायचं ते शिकवलं आणि ती आपल्या नोकरीच्या गावी गेली. जाताना बजावून गेली, “रोज काहीतरी टाकायचं. खंड पडला की लोक विसरतात.”

कवळीवाल्यांनी मग रोज टाकायला सुरुवात केली. चिमट्याचा फोटो टाकला. मेणाच्या दिव्याचा टाकला. खालच्या जबड्याची एक फार सुबक कवळी झाली होती, ती निळ्या कापडावर ठेवून टाकली. मेव्हण्याने अंगठा दाखवला. कुणा अनोळखी माणसाने गुलाबाचं फूल पाठवलं. आणखी एकाने लिहिलं, ‘जेवताना असले फोटो टाकू नका.’

“मी काय लोकांच्या जेवणाच्या वेळा विचारत फिरू?” कवळीवाले मोबाईलवर खेकसले.

“त्याच्यावर कशाला ओरडता? त्याला काय कळतंय?” बायको म्हणाली.

“मला तरी काय कळतंय!”

त्यांच्या कामाची गंमतच अशी होती की ते दिसलं तर फसलं. ज्याने घातलीय त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही कळता कामा नये, ती खरी कवळी. जन्मभर जे लपवण्यात हात मुरला, ते आता चव्हाट्यावर मांडायचं होतं. डोकं उठायचं त्यांचं. पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं की पुन्हा मोबाईल हातात घ्यायचे.

“बाबा, लोकांना वस्तू नको असते, गोष्ट हवी असते,” मुलगी फोनवर म्हणाली. “एखादं तुमचं खास काम सांगा ना.”

खास काम नेमकं समोरच पडलं होतं. लायब्ररीतल्या बाईंची कवळी दुरुस्तीला आली होती. गुलाबी भागाला बारीक चीर गेली होती. या बाई वाचनालयाच्या काउंटरवर बसत. गावातल्या लहानथोर सगळ्यांनी त्यांच्याकडून पुस्तकं नेलेली. पुस्तकावर शिक्का मारून हातात देताना बाई हसायच्या आणि हसल्या की वरच्या पुढच्या दोन दातांतला डावा दात उजव्यावर जरासा चढलेला दिसायचा. दुखण्यात त्यांचे सगळे दात काढावे लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना कवळीवाल्यांकडे पाठवलं होतं. कवळीवाल्यांनी त्यांचा जुना फोटो मागून घेतला आणि तो दात होता तसाच चढवून बसवला. बाई रजेवरून परतल्या आणि कुणाला काही म्हणता काही कळलं नाही. त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही नाही.

कवळीवाल्यांनी चीर भरली, कवळी पॉलिश केली आणि खिडकीतल्या उजेडात तिचा फोटो काढला. बाई कवळी घेऊन गेल्या आणि कवळीवाल्यांनी फोटोखाली लिहिलं, ‘सगळे सरळ दात मागतात. पण मूळचा दात वाकडा असेल तर कवळीतही तो वाकडाच ठेवावा. म्हणजे माणूस आपल्यासारखाच हसतो.’

नाव नाही, चेहरा नाही. मुलीनेही वाचून बघितलं. “मस्त! टाका.”

आणि या वेळी पेज चाललं. अंगठे, बदाम, टाळ्या. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, “काका, दोघांना दाखवला तुमचा फोटो. तुमच्याकडूनच हवी म्हणाले!” बायकोने न मागता चहा आणला. कवळीवाले खुर्चीत मागे रेलले. आपलंही काम चारचौघांनी बघावं, असं इतक्या वर्षांत त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज बरं वाटत होतं.

चहा संपायच्या आत कुणीतरी लिहिलं, ‘हा दात कुठेतरी पाहिलाय.’

त्याखाली दुसऱ्याने, ‘अरे, या तर आपल्या लायब्ररीतल्या बाई!’ आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे.

ते वाक्य पुसायला कवळीवाल्यांनी त्यावर बोट ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. ते पुसलं गेलं नाही. त्याखाली निळा अंगठा उमटला. कवळीवाल्यांचा स्वतःचा. त्या अंगठ्याने सगळ्यांची खात्रीच पटली.

मुलगी मीटिंगमध्ये होती. तिने फोन उचलला तोवर गावभर झालं होतं.

“बाबा, मी काढलं सगळं. पण लोकांनी पुढे पाठवलंय, ते माझ्या हातात नाही हो.”

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. कवळीवाले उठून उभे राहिले.

“बाई, मी नाव घातलं नव्हतं. मला वाटलं…”

“बसा,” बाई म्हणाल्या. काउंटरवर गडबड करणाऱ्याला म्हणायच्या, तसंच. “काल एक छोटी मुलगी पुस्तक बदलायला आली होती. म्हणाली, बाई, काढून दाखवा ना.”

कवळीवाल्यांना मान वर करवेना.

“तिच्यावर कसली रागावणार मी? पुस्तक दिलं. हसले मात्र नाही.” मग त्या म्हणाल्या, “मला नवीन करून द्या. सरळ दातांची.”

“सरळ तुम्हाला शोभणार नाही, बाई.”

“शोभायला नकोच आहे. कुणाच्याही तोंडात असते तशी द्या.”

कवळीवाल्यांनी कारखान्याच्या फोटोंतल्यासारखी कवळी केली. एका रेषेत, पांढरेशुभ्र दात. करताना दोनदा हात आपसूक त्या डाव्या दाताला तिरपं करायला गेला. दोनदा त्यांनी दात सरळ केला.

कवळी बसवायला डॉक्टरीणबाईंकडे गेली, तेव्हा त्यांचा फोन आला. “काका, काय सुंदर झालीय! हिचा फोटो टाका.”

“पेज बंद केलं.”

“अहो, आत्ता कुठे चालायला लागलं होतं! आता मी पेशंटना काय दाखवू?”

डॉक्टरीणबाई आणखी काही वेळ समजावत राहिल्या, मग थकून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर साचे कमी होत गेले. मग यायचे थांबले. मेणाचा दिवा फडताळात गेला.

एकदा कवळीवाले वाचनालयात गेले. पुस्तक नको होतं, तरी एक उचललं आणि रांगेत उभे राहिले. पुढच्या म्हातारबुवांच्या पुस्तकावर बाईंनी शिक्का मारला आणि त्या हसल्या. म्हातारबुवा गोंधळले. काउंटरवर नवीनच कुणी बसलंय असं समजून त्यांनी आपलं नाव सांगायला सुरुवात केली.

“माहीत आहे मला,” बाई हळूच म्हणाल्या.

कवळीवाल्यांनी पुस्तक होतं तिथे ठेवलं आणि ते बाहेर पडले.

नवी कवळी बसल्यावर बाईंनी जुनी आणून दिली होती. ‘राहू दे तुमच्याकडेच,’ एवढंच म्हणाल्या होत्या. कवळी कोरडी पडली की वाकते. म्हणून पुढच्या खोलीतल्या रिकाम्या टेबलावर एक झाकणाची वाटी असते आणि सकाळी दार उघडलं की कवळीवाले आधी तिच्यातलं पाणी बदलतात.