नवागाममधलं गुलाबी सोनं

नवागाममधल्या आमच्या गल्लीत छगनच्या खोलीपुढे त्या रविवारी इतकी गर्दी लोटली, की माझ्या पिको-फॉलच्या दुकानाची पायरीसुद्धा लोकांनी बळकावली. "सुषमाताई, सरका जरा, महाराज दिसत नाहीत!" म्हणे सरका! दुकान माझं, पायरी माझी आणि सरकायचं कोणी? मीच!

झालं होतं असं. छगनने मोरीचा पाइप बदलायला खोलीत खणलं, तर मातीतून मुठीएवढा काळा दगड निघाला. त्यावर चकाकणारे ठिपके. बोलता बोलता बातमी गल्लीभर झाली आणि कुठूनसे त्रिनेत्र योगराज महाराज हजर झाले. भगवी कफनी, खांद्याला झोळी आणि झोळीत लॅपटॉप! हल्ली देवाची माणसं चार्जरसकट येतात.

महाराजांनी दगड एका डबीवजा पेटीत ठेवला. पेटीत निळा दिवा लागला. लॅपटॉपला झेंडूची जाडजूड माळ घातलेली.

"हे त्रिनेत्र यंत्र! हिमालयात गुरूंनी स्वहस्ते दिलं. दगडाच्या पोटात तांबं आहे की लोखंड आहे की साक्षात लक्ष्मी, सगळं दाखवतं!" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. पडद्यावर रंगीबेरंगी चित्र उमटलं. निळं, लाल आणि मधोमध पिवळेधमक ठिपके.

"सोनं!" महाराज गरजले.

"माय वं! मना घरमा सोनं शे!" छगनची बायको सरलाबाई मटकन खालीच बसली. बायकांनी हात जोडले, कोणीतरी नारळ फोडला. मी मनात म्हटलं, अगं बाई, खरंच सोनं असतं तर हा बाबा तुला सांगायला आला असता का?

पण पुढचं ऐकलं आणि माझं हसू पळालं. महाराज म्हणाले, "सोनं सोन्याच्याच हाकेला वर येतं. गळ्यातली पोत द्या. मी मंत्र घालून लाल फडक्यात बांधून देतो. खड्ड्यात पुरा. अमावास्येपर्यंत गाठ सोडायची नाही. सोडली, तर सोन्याची माती!"

ती पोत सरलाबाईच्या आईची. मरताना आईने स्वतःच्या हाताने लेकीच्या गळ्यात घातलेली. छगनची मिल बंद होती, घरात चूल पेटायची मारामार होती, तेव्हाही हिने ती मोडली नाही. आणि आता काढून सरळ महाराजांच्या हातात दिली!

"सरला, वेडी झालीस का?" मी ओरडले.

"पोरंसनं भलं व्हई, ताई," ती म्हणाली. मला अक्षरशः रडू येत होतं.

महाराजांनी पोत लाल फडक्यात बांधली, काहीतरी पुटपुटले, पुरचुंडीसकट झोळीत हात घालून विभूती काढली, फुंकर मारली आणि लाल पुरचुंडी तिच्या ओंजळीत ठेवली.

तेवढ्यात माझी भाची गायत्री कोसाडहून तिचं ब्लाउज न्यायला आली. पोरगी भूगर्भशास्त्र शिकते. पडद्याकडे बघून ती फिसकन हसलीच. "मावशी, हे तर आमच्या प्रयोगशाळेतलं सॉफ्टवेअर! हिमालयातलं कुठलं?"

ती गर्दीतून पुढे घुसली. "महाराज, या पेटीची वायर लॅपटॉपला कुठे जोडलीय?"

"बेटा, श्रद्धेला वायर लागत नाही."

"निळ्या दिव्याला मात्र लागते वाटतं. ती बरी भिंतीत खुपसलीय!"

लोक हसले. गायत्रीने पेटीतला दगड काढला, माझ्या दुकानातला कापडावर खुणा करायचा खडू आत ठेवला आणि स्वतःच बटण दाबलं. तेच चित्र, तेच पिवळे ठिपके!

"अभिनंदन मावशी, तुझ्या खडूतपण सोनं निघालं."

"अविश्वासाने यंत्र कोपलं आहे!" महाराज कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. गायत्रीने झेंडूची माळ उचलली. माळेखाली पडद्यावर रंगांचे छोटे चौकोन होते, शेजारी इंग्रजी अक्षरं. पिवळ्यापुढे 'एफ-ई'.

"तो सुवर्णाचा बीजमंत्र!"

"काय सांगता! हे लोखंडाचं चिन्ह आहे. सोन्याचं ए-यू." मग ती लोकांकडे वळली. "खरं यंत्र चांगलं कपाटाएवढं असतं. ते दगडावर किरण सोडतं. लोखंड असो की तांबं, प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक किरण परत सोडतं. कुठल्या ठिकाणाहून कुठले आले ते टिपून हे सॉफ्टवेअर नकाशा काढतं. हा नकाशा नमुना म्हणून सॉफ्टवेअरसोबतच येतो. भलत्याच दगडाचा आहे. आणि रंग? ते आपण द्यायचे. हे बघा."

तिने एक बटण दाबलं. सोनं गुलाबी झालं! पुन्हा दाबलं, पोपटी!

आणि एकदम छगन ओरडला, "आरं, हे तर मॅचिंग शे!"

छगन साड्यांच्या छपाईत. एकच डिझाइन वेगवेगळ्या रंगांत काढतात, त्याला मिलमध्ये मॅचिंग म्हणतात. "डिझाइन तेच, रंग फिरवला! रोज मीच करतो हे!" त्याने कपाळावर हात मारला. आमच्या गल्लीत निम्मे लोक छपाईतले. रोज रंग कालवणारी माणसं, पण पडद्यावरचा पिवळा दिसला आणि हात जोडून बसली!

महाराज झोळी आवरू लागले. "चलथाणला भक्त खोळंबलेत."

मी दारात आडवी उभी राहिले. "खोळंबू देत. सरला, आधी गाठ सोड."

"माती होईल!" महाराज किंचाळले.

सरलाबाईने त्यांच्याकडे बघितलं आणि दातांनी गाठ सोडली. आत नळाचे गंजके वायसर! छगनने झोळी हिसकून उलटी केली. चार्जर, विभूतीची डबी, तयार बांधलेल्या आणखी लाल पुरचुंड्या आणि तळाशी सरलाबाईची पोत बांधलेली पुरचुंडी! विभूतीच्या निमित्ताने झोळीत गेलेल्या हाताने पुरचुंडी बदलली होती.

पोत गळ्यात घालून ती आधी हमसून हमसून रडली. मग पोलीस येईपर्यंत तिने महाराजांना अहिराणीत जे ऐकवलं, ते मी इथे लिहीत नाही. बाकी ऐकायला फार गोड वाटलं.

तो काळा दगड गायत्रीने नंतर खऱ्या यंत्रात घातला. सिलिकॉन, कॅल्शियम, लोखंड, सगळ्यांचे नकाशे आले. सोन्याचा नकाशा मात्र काळाकुट्ट, म्हणजे सोनं कणभरही नाही. चकाकत होते ते साधे स्फटिक. छगनने त्यातला एक नकाशा मिलच्या डिझाइनरला दाखवला, तर त्याची साडी निघाली. पहिली साडी सरलाबाईने नेसली, गुलाबी मॅचिंगमधली. फॉल मी लावला, फुकट.

सॉफ्टवेअर खोटं नव्हतं, बरं का. विज्ञानाला भगवी कफनी घालणारा खोटा होता. म्हणून म्हणते, हात जोडण्याआधी तोच हात वर करून एक प्रश्न विचारा. परवा एक बाई फोटोतला देव डोळे उघडतो असं सांगत आली. सगळ्या बायका पुढे सरसावल्या. सरलाबाईने गळ्यातली पोत नीट केली आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ दे वं माय. पहिले सांग, त्यामा रंग कोनी भरा?"