टाचेवर चाललेली गाडी

लग्नाला वीस वर्षं होऊनही चष्मेवाल्याला बायकोशी गोड बोलणं काही जमलं नव्हतं. दुकानात तो गिऱ्हाइकाच्या नाकाची, कानाची, नातवंडांचीसुद्धा कौतुकं करायचा. घरी मात्र तोंड उघडलं की नको तेच बाहेर पडायचं. परवा तसंच झालं. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिला बढती मिळाली होती, दुसऱ्या गावातली अख्खी लॅब सांभाळायची, वर्षभर तिकडेच राहायचं. रात्री भाजी निवडताना ती हळूच म्हणाली, "मी गेल्यावर घराचं कसं होईल हो?"

बिचारीला धीर द्यावा म्हणून हा म्हणाला, "अगं, तुझ्यावाचून काही अडत नाही इथं."

झालं! तेव्हापासून घरात कामापुरतेच शब्द. "मीठ", "किल्ली", "फोन वाजतोय". एरवी वाक्यागणिक येणारं "अहो" तर तिनं गिळूनच टाकलं होतं.

आज तिला मोटारसायकलवरून हायवेवरच्या बस स्टँडवर सोडायचं होतं. दुपारपर्यंत हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. सीटवर बसताना तिनं दोघांच्या मधे आपली बॅग ठेवली, शेताला बांध घालावा तशी. चष्मेवाल्यानं पहाटेपासून एक वाक्य मनाशी घोकलं होतं आणि ते वाटेत बोलून टाकायचं ठरवलं होतं. मोटारसायकलचं एक बरं असतं, माणसाच्या तोंडाकडे न बघता बोलता येतं.

गाव मागं पडलं. त्यानं घसा खाकरला, आणि मीटरवर लाल दिवा लागला. गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

पुन्हा सुरू केली तर सुरू व्हायची. गिअर टाकला की बंद. त्यानं पेट्रोल बघितलं, उगाच एक-दोन वायरी हलवल्या, गाडीला शिव्या घातल्या. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून घड्याळ बघत होती. शेवटी त्यानं नेहमीच्या गॅरेजवाल्याला फोन लावला.

"दिवा कसला लागलाय?" गॅरेजवाल्यानं विचारलं.

"साइड स्टँडचा. पण स्टँड तर वर आहे की रे!"

"ते तुम्हाला दिसतंय, गाडीला नाही. स्टँडचा सेन्सर बिघडलाय. तिला वाटतंय स्टँड खालीच आहे, म्हणून गिअर पडला की ती बंद होते. मागं वहिनी आहेत ना?"

"आहेत."

"मग त्यांना म्हणावं, डाव्या टाचेनं स्टँड वर दाबून धरा. तुमचा पाय गिअरला लागणार. आणि हळू जा. वहिनींची टाच सुटली की गाडी बंद पडेल."

फोन स्पीकरवर होता.

"काही अडत नव्हतं ना माझ्यावाचून?" ती म्हणाली.

दोन दिवसांतलं हे तिचं पहिलं पूर्ण वाक्य. चष्मेवाला कानापर्यंत लाल झाला.

टाच स्टँडपर्यंत पोचायची तर पुढं सरकणं भाग होतं. बॅग पाठीवर गेली. ती त्याला अगदी चिकटून बसली, एक हात खांद्यावर, एक कमरेला. दिवा विझला. "धरलाय. चला आता," असा हुकूम सुटला आणि गाडी निघाली. मग खड्डा आला, स्पीड ब्रेकर आला, की मागून सूचना यायला लागल्या. सूचनांमागून दूधवाल्याला काय सांगायचं, गॅस कधी संपेल, हेही आलं. आणि मधेच, सवयीनं, "अहो" आलं. चष्मेवाल्याला इतकं बरं वाटलं की घोकलेलं वाक्य तो साफ विसरून गेला.

रेल्वे फाटकात रुळांवरून गाडी दणदण उडाली. "अगंबाई, सुटली टाच!" ती ओरडली आणि तिनं घाईघाईनं पाय पुन्हा दाबला.

पण गाडी बंद पडलीच नव्हती. दिवाही लागला नव्हता. सेन्सरमध्ये काय अडकलं होतं कोण जाणे, त्या दणक्यानं मोकळं झालं होतं. "अगं, दिवा..." असं म्हणायला चष्मेवाल्यानं तोंड उघडलं आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा वेळेवर मिटलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. धरून बस नीट."

बस सुटायच्या बेतात होती. ती चढली, खिडकीशी बसली. हा खाली उभा, बोलायचं ते बोलता येत नाही म्हणून चष्मा पुसत. कंडक्टरनं घंटी मारली आणि ती दचकली.

"अहो! तुम्ही परत कसे जाणार? टाच कोण लावणार?"

"जाईन गं."

"असे कसे जाल? हायवेवरून गाडी ढकलत? थांबा, मी उतरते. आधी गॅरेजला जाऊ."

"तुझी नोकरी?"

"खड्ड्यात गेली नोकरी!" ती उठलीच. बॅगेचा पट्टा सीटला अडकला होता, तो ती हिसकत होती. बस हलायला लागली होती.

"उतरू नकोस!" चष्मेवाला बसबरोबर धावत ओरडला. "दिवा केव्हाच गेलाय! फाटकापाशीच गेला!"

सगळी बस खिडक्यांकडे वळली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू मागं सरकून बसली असतीस."

ती मटकन खाली बसली. मागच्या सीटवरच्या आजी खुदकन हसल्या. कंडक्टरनंही घंटीची दोरी हातात धरून ठेवली, ओढली नाही.

"मला करमणार नाही गं," चष्मेवाला म्हणाला. एवढ्या लोकांदेखत म्हणाला. "पण तू जा. झक्कास काम कर. शनिवारी दुकान बंद करून बसनं येतो मी."

तिनं डोळे पुसले आणि खिडकीतून वाकून म्हणाली, "बसनं नका येऊ. गाडीच घेऊन या."