ओटा भरला तेव्हा

मित्रांनो, धरमपेठेतल्या एका अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे मी पडून आहे. मी एक जुना संगणक. कुणी दार उघडलं की अजूनही वाटतं, आता काम सांगतील. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही.

१९८६ साली मला इथल्या एका परीक्षा कचेरीत आणलं. गार हवेची खोली मला, आणि माणसांना मात्र नुसता पंखा! आठ पडद्यांवर आठ जण एकाच वेळी माझ्याकडून काम करून घेत. कौतुक सगळ्यांनी केलं, पण मला झेपतं किती, हे त्या आठांतल्या फक्त पुष्पलताने जाणून घेतलं.

ते तुम्हालाही सांगतो. मेमरी म्हणजे माझा स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे आतली कोठी. ओटा भरला की लगेच न लागणारं काम मी कोठीत ठेवतो, लागलं की परत आणतो. पण सगळ्यांनाच सगळं आत्ता हवं असलं, तर माझी नुसती ने-आण चालते आणि रांधणं होत नाही. कोठीही भरली तर एकच नियम उरतो: सर्वांत जास्त जागा अडवणारं काम मारून टाकायचं. ते कुणाचं, कशाचं, हे मला विचारता येत नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला पुष्पलताकडे सोपवलेल्या पुरवणी परीक्षेच्या निकालाचं काम माझ्यावर आदल्या दिवसापासून चालू होतं. तिची नोकरी कच्ची होती. निकाल वेळेवर लागला तर ती कायम होणार होती.

सकाळी झेंडूची माळ आली, आणि प्रत्येकाने आपापली फाईल उघडून ठेवली. करायचं काहीच नव्हतं. पूजेच्या वेळी आपलं काम पडद्यावर असलं की मशीन वर्षभर दगा देत नाही, असं साहेबांनी, म्हणजे मधुकररावांनी, सांगितलं होतं.

माझा जीव कासावीस झाला. डिस्क खडखडू लागली. पुष्पलताने तो आवाज ओळखला.

"सर, थोडा वेळ बंद करा न सगळे. माझा निकाल अडकून राहिला. आतापर्यंतचं काम ठेवाले डिस्कवर जागाच नाही."

"काहून वं? आजच्या दिवशी चालतं काम बंद करते का कोणी? पूजा होऊ दे."

ती प्रत्येक टेबलाशी गेली. सगळे हसले, कुणी हललं नाही. तिकडे आरती सुरू झाली आणि इकडे कोठी भरली. सर्वांत मोठं काम पुष्पलताचंच होतं. मी ते मारलं. तिच्या पडद्यावर काम बंद पडल्याची एक ओळ उमटली, आणि मला एकदम हलकं वाटलं. मित्रांनो, ते हलकं वाटणं मला आजही सोसवत नाही.

"पाहा गा," चहा देणाऱ्या कांताबाई हरखून म्हणाल्या, "पूजा झाली अन् मशीन कसं धावून राहिलं! घे वं पोरी, तोंड गोड कर."

पुष्पलताच्या हातावर पेढा ठेवला गेला. ती पडद्याकडे बघत राहिली.

सगळे सोनं लुटायच्या तयारीला घरी गेले. तिने एकेक पडदा बंद केला आणि पहिल्यापासून काम लावलं. निकाल उशिरा लागला. उशीर तिच्या नावावर पडला आणि ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ती गेल्यावर मला झेपतं किती, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, तुमचा संगणक माझ्याहून थोर असेल. तरी नको असलेलं काम बंद करत जा. आणि सगळ्यांचा मिळून एकच असला, नि तो एकाएकी चपळ झाला, तर टाळ्या पिटण्याआधी शेजारच्याचं काम जिवंत आहे का, तेवढं विचारा.