साबण प्यायलेला डबा

मित्रांनो, मी बांबूचा एक जुना डबा आहे. कोबे शहरात, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत तोकिए आजींचं दुकान आहे. डुकराच्या मांसाचं सारण भरलेले मऊ पाव, म्हणजे बुतामान, तिथे माझ्यात वाफवतात. एकतीस वर्षं झाली. लोक ते बांधून घरी न्यायला घेतात आणि निम्मे वाटेतच बोटं भाजत खातात.

गेल्या हिवाळ्यात आजी आजारी पडल्या आणि त्यांना वास येईनासा झाला. मग एके दिवशी त्या सुनेला म्हणाल्या, "मिसुझू, उद्यापासून चूल तुझी. दुकानाचं नाक आता तू."

पोरगी हरखली. आणि हरखून केलं काय? लिंबाच्या वासाच्या साबणानं मला घासघासून धुतलं! अहो, बांबू साबण पितो! मला नुसतं गरम पाणी पुरतं. पण मी ओरडणार कसा?

सकाळी माझ्यात बारा बुतामान मांडले. वाफ चढली, तसा अंगात मुरलेला साबण सुटू लागला. बाहेर रांग लागली होती. सगळ्यांत पुढे हातानो काका, दर शनिवारी सहा नेणारे.

मिसुझूनं झाकण उचललं आणि तिचा चेहराच उतरला. आजी शेजारी बुतामानसोबत द्यायच्या मोहरीच्या चटणीच्या पुड्या लावत होत्या. त्यांना काहीच कळणार नव्हतं. ही गप्प राहिली तर? माझा जीव टांगणीला लागला.

"झाले का गं?" आजींनी विचारलं.

"आई..." तिनं झाकण पुन्हा ठेवून दिलं. "हे विकायचे नाहीत. लिंबाचा वास मारतोय. मी डब्याला साबण लावला."

आजींनी हातातली पुडी खाली ठेवली. मग खिडकीतून डोकं काढून ओरडल्या, "आज उशीर होईल हो! सूनबाईंनी डब्याला आंघोळ घातलीय!"

"घालू दे की!" हातानो काका म्हणाले. "एकतीस वर्षांत तुम्ही तरी कुठे घातलीत!"

रांग हसली. मिसुझू मात्र रडत होती.

"रडतेस कशाला? दुकानाचं नाक शाबूत आहे," आजी म्हणाल्या.

तीन दिवस मला रिकामंच वाफेवर ठेवलं. मित्रांनो, जुन्या वस्तूची काळजी जरूर घ्या, पण तिला काय सोसतं ते आधी कुणाला तरी विचारा.

चौथ्या दिवशी झाकण उघडलं. आजी माझ्यावर वाकल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"सांग गं, कसा येतोय वास?"

"आधी कांद्याचा, आई. मग मांसाचा. आणि अगदी शेवटी, थोडासा बांबूचा."