केरात गावलेली

राजाबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. शिदोरीच्या भाकरी होत्या. सून दिपाली आज माहेरी, वेरूळला चालली होती. परत येणार नाही असं कोणी बोललं नव्हतं. पण दोरीवरची बाळाची दुपटी पिशवीत गेली होती आणि कोनाड्यातला तिच्या नवऱ्याचा, अंगदचा फोटोही जागेवर नव्हता.

दिपालीने घर झाडून घेतलं. उद्यापासून हे काम सासूच्या अंगावर पडणार, म्हणून कानाकोपरा झाडला. केर उंबऱ्यापाशी लोटून ठेवला, हात धुतले आणि खाटेवरचं बाळ उचललं.

"आत्याबाई, येईल आता आकाश गाडी घेऊन."

राजाबाईने मान वर केली नाही.

"आज तरी तोंड बघा पोरीचं. पुन्हा काय दिसायची नाय."

राजाबाईने भाकरी उलटली.

"कळतंय मला. बापाला खाऊन आली, पांढऱ्या पायाची, आसं मनात म्हणता ना? म्हणा की तोंडावर. मी तरी मोकळी व्हईन."

"सूनबाई, नगं आसं बोलू," ओसरीवरून सासरा केरबा म्हणाला.

"मग तुम्ही सांगा मामा. नात जन्मल्यापासून आजीनं एकदा बी हातात घेतली नाय. कशापायी?"

केरबाने काठीचं टोक जमिनीत रुतवलं आणि तिकडेच बघत राहिला.

अंगद शेंद्र्याच्या कंपनीत कामाला होता. दिपालीला दिवस गेले तेव्हा एकदा शेजारच्या पारूबाईने भिंतीवरून विचारलं होतं, "काय राजाबाई, बरं हाय का?" राजाबाई मेंढ्यांमागे जन्म काढलेली बाई. बरं आहे असं तिच्या घरात कधी कोणी मोठ्याने म्हणत नसे. कळप चांगला असला तरी रोगट आहे म्हणून सांगायचा. पण त्या दिवशी ती भरल्या तोंडाने बोलून गेली, "पोरगा कमावता, सून गुणाची, आता पाळणा हलायचा. देवानं काय बी कमी ठिवलं नाय." दुसऱ्या दिवशी कंपनीतली पाळी सुटल्यावर घरी करमाडकडे येताना जालना रोडला डंपरने अंगदला उडवलं. बाळ त्याच्यामागून जन्मलं. बारसंही राहूनच गेलं.

राजाबाईचं जेवण सुटलं तेव्हा केरबाने तिला शहरात नेलं होतं, गुलमंडीच्या मागे एका दवाखान्यात. तिथल्या समुपदेशक ताईने नाव लिहून घेताना विचारलं, "केरबा म्हणजे काय हो?"

"माझ्या आधीची पोरं जगली न्हवती. मग आईनं मला केरात ठिवलं आन् केरात गावलं म्हणून उचललं. केराला कोण नजर लावतंय?"

ताई मायेने हसली. मग राजाबाईचा हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, रोज संध्याकाळी एक चांगली गोष्ट मोठ्यानं बोलायची. लहान असली तरी चालेल. जे आपल्याजवळ आहे त्याबद्दल देवाचे आभार मानायचे. मन हलकं होतं त्यानं."

राजाबाईने हात काढून घेतला. घरी आल्यावर केरबाने नेमाने प्रयत्न केला. "एक तरी बोल. च्या गोड झाला म्हण." तिने पदराचा बोळा त्याच्या तोंडावर दाबला होता.

"गप. ऐकतंय."

"कोण?"

तिने नुसतं वर आढ्याकडे बघितलं होतं.

बाहेर हॉर्न वाजला. दिपालीने पिशवी खांद्याला लावली आणि चुलीजवळून दाराकडे निघाली. बाळाने हात लांब केला. राजाबाईच्या पदराचं टोक त्याच्या मुठीत आलं आणि मूठ काही सुटेना. दिपाली बोटं सोडवू लागली. राजाबाईने वर पाहिलं. बाळाने तिच्याकडे बघून हुंकार दिला, दात नसलेलं तोंड उघडून हसलं.

राजाबाई तशीच उठली. पिठाच्या हातांनी तिने बाळ हिसकून घेतलं, उंबऱ्याशी गेली आणि त्याला केराच्या ढिगावर ठेवलं.

"आत्याबाई! येड लागलं का!"

गाडीतून उतरलेला दिपालीचा भाऊ आकाश धावत आला. केरबाची काठी त्याच्या आडवी आली.

"थांब पाव्हण्या." म्हातारा म्हणाला. "हात नगं लावू."

राजाबाई उंबरा ओलांडून अंगणात गेली. तिथून मागे वळली आणि रस्त्याने जाणाऱ्या परक्या बाईसारखी दारात येऊन थबकली.

"काय पडलंय गं हे केरात?" ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली. "कुणी टाकलं म्हणायचं हे काळं, नकटं?"

भिंतीवरून पारूबाई डोकावली.

"कुणाचंच नाय? मग उचलते मी."

तिने बाळ उचललं. दुपट्याला लिंबाचा सुका पाला चिकटला होता, तो तिने झटकला नाही.

"नाक बघा कसलं बसकं. रूप नाय, रंग नाय. कोण इचारतंय हिला!" बोलता बोलता तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

दिपालीने केरबाकडे पाहिलं. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

दिपालीच्या पिशवीचा पट्टा खांद्यावरून घसरला, तो तिने सावरला नाही.

"रडकी बी लई हाय," ती म्हणाली. "रातभर झोपू देत नाय."

"व्हय?" राजाबाईने बाळ छातीशी घट्ट धरलं. "आणखी सांग."

"ताई, गाडी चालूच हाय," आकाश म्हणाला. "निघायचं ना?"

आतून जळका वास आला.

"भाकर करपली," दिपाली म्हणाली, आणि चुलीकडे गेली.