खालचा हात

दोन माणसांनी जन्मभर एकत्र काम केलं की त्यांना एकमेकांच्या मनातलं न बोलता कळू लागतं. हे सत्य थोरामोठ्यांनी सांगून ठेवलेलं आहे आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कोणी ना कोणी ते उभं राहून पुन्हा सांगतंच. वेतकाकांनाही ते मान्य होतं. मात्र आपल्या बायकोचा उजवा हात निकामी होत चाललाय हे कळायला त्यांना जवळजवळ वर्ष लागलं, आणि तेही दुसऱ्याच कोणाचा तरी हात लागल्यावर कळलं.

काका वेताच्या खुर्च्या विणायचे. म्हणून गल्लीत ते वेतकाका, आणि मग ओघानेच त्यांची बायको वेतकाकू. सासरच्या इतर गोष्टींप्रमाणे हेही नाव काकूंनी तक्रार न करता वापरायला काढलं होतं.

खुर्चीच्या रिकाम्या चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. भिजवलेल्या वेताची पट्टी वरून भोकात घालायची, खालून ओढून ताणायची, शेजारच्या भोकातून परत वर काढायची. बाकीचे कारागीर हे एकट्याने करतात, एक हात वर आणि एक हात खाली ठेवून. काकांना ते पटत नसे. "एका माणसाचे दोन हात दोन मजल्यांवर राहायला लागले की संसार बिघडतो," असं ते म्हणत. म्हणून त्यांच्याकडे खुर्ची दोन टेबलांच्या मधल्या फटीवर आडवी टेकवलेली असे. वर काका, आणि खाली बुटक्या स्टुलावर काकू. काका पट्टी खाली सोडायचे, काकू खेचून ताण द्यायच्या आणि टोक पुढच्या भोकातून वर पाठवायच्या. या पद्धतीने वीण ढोलासारखी घट्ट येते, असं काकांचं शास्त्र होतं. खरं कारण असं की लग्न झालं तेव्हा खोली इतकी लहान होती की टेबलाखाली सोडून बायकोला बसायला जागाच नव्हती. पुढे खोली मोठी मिळाली. शास्त्र तेवढं राहिलं.

त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य आणि बहुतेक सगळं बोलणं भोकांतून झालं. मुलीचं लग्न चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातून ठरलं. काकांना बायकोचा चेहरा दिसायचा तो जेवताना, आणि तेव्हा त्यांचं लक्ष जेवणात असायचं.

मग वीण सैल यायला लागली.

ती एकदम सगळी सैल झाली नाही. आधी एक कोपरा, मग पुढची कड. दातांच्या डॉक्टरांनी वेटिंग रूमसाठी सहा खुर्च्या करायला सांगितल्या होत्या. त्यातल्या पहिल्या दोन पोचल्या आणि पंधरवड्यात डॉक्टरांचा फोन आला.

"काका, तुमच्या खुर्च्या एका अंगाला खचतात हो. माझा पेशंट आधीच घाबरलेला असतो. त्यात बुडाखालची खुर्ची गेली की तो सरळ घरीच जातो."

काकांच्या सबंध कारकिर्दीत हे असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी दोन्ही खुर्च्या परत आणल्या, उसवल्या आणि गुन्हेगाराचा शोध सुरू केला. तो लगेच सापडला, कारण तो बोलू शकत नव्हता.

"वेत," काका म्हणाले. "वेतात दम राहिला नाही."

"हो ना," टेबलाखालून आवाज आला. "हल्ली सगळंच तसं."

काकांनी वेताच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "हा वेत आहे की शेवया? ओढला की येतच राहतो!" व्यापारी म्हणाला, हाच माल सगळीकडे जातो, कोणाची तक्रार नाही. काका म्हणाले, सगळ्यांना कळत नाही म्हणून तक्रार नाही. मग त्यांनी व्यापारी बदलला. नंतर वेत भिजवायचं पाणी बदललं. मग पाण्यात ठेवायची वेळ कमी केली, वाढवली, परत कमी केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती इतक्या काळजीपूर्वक क्वचितच दिली गेली असेल.

खाली काय चाललं होतं ते काकूंना ठाऊक होतं. निदान अर्धं. आधी करंगळीला मुंग्या यायच्या. मग अंगठ्यात आणि बोटात धरलेली पट्टी आपण धरली आहे की नाही हे बघितल्याशिवाय कळेना. एकदा कप पडला, एकदा कात्री. "साबण लागला होता," काकू म्हणाल्या. कात्रीला साबण कशाला लागेल, हा प्रश्न घरात कोणाला पडला नाही. सुरुवातीचे काही दिवस तर काकूंनाही वाटत होतं की नवरा म्हणतो ते खरं असेल, वेतच बिघडला असेल. इतक्या वर्षांत माल पारखायचं काम काकांचं होतं. आपला हात हाही मालच, पण तो पारखायला वर कधी पाठवला नव्हता.

पुढे त्यांनी युक्ती काढली. पट्टी दाताने धरायची आणि मान मागे घेऊन ओढायची. टेबलाखाली बघणारं कोणी नव्हतं. वीण पुष्कळच सुधारली. काका खूश झाले आणि नव्या व्यापाऱ्याला फोन करून शाबासकी दिली.

"सांगून का नाही टाकलंस?" असं नंतर मुलीने विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "सहा खुर्च्या व्हायच्या होत्या गं. मी उठले तर खाली कोण बसणार?"

याच काळात या घरावर नशिबाची मेहेरनजर झाली. तीही दोनदा.

पहिल्यांदा अशी की काकूंच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. दुरुस्त केलेल्या खुर्च्या पोचवायला दोघं गेले असताना डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. माणूस भला होता. त्याने काकूंना तिथल्या तिथे मोठ्या खुर्चीत बसवलं आणि दात भरून दिला, फुकट.

"काय चावता एवढं कडक?" त्याने विचारलं.

काकूंच्या तोंडात त्याचीच बोटं आणि कापूस होता, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. बाहेर काका दुरुस्त केलेल्या खुर्चीवर बसून वीण दाबून बघत होते.

दुसऱ्यांदा नशीब साबणाच्या पाकिटातून आलं. पाकिटावरचं कूपन भरून दुकानातल्या पेटीत टाकायचं होतं. काकू अशी कूपनं नेमाने भरत आणि प्रत्येकावर नवऱ्याचं नाव घालत. खूप वर्षांपूर्वी काकांच्या नावावर एक झाकणाची बादली लागली होती. तेव्हापासून घरातलं नशीब काकांकडे आहे हे ठरून गेलं होतं. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने सांभाळावं. या वेळी बक्षीस लागलं ते डोक्यापासून पायापर्यंत संपूर्ण आरोग्यतपासणीचं. एका व्यक्तीसाठी. नाव बदलून मिळणार नाही, असं दुकानदाराने दोनदा सांगितलं.

"आईला पाठवता आलं असतं तर बरं झालं असतं," मुलगी फोनवर म्हणाली. "तिचा आवाज दमलेला येतो हल्ली."

"टेबलाखालून येतो म्हणून तसा वाटतो," काका म्हणाले.

तपासणीला दोघं गेले. काका उपाशीपोटी, आणि काकूही, कारण एकट्यासाठी चूल कोण पेटवणार. काकांचं रक्त घेतलं, छातीचे फोटो काढले, पळत्या पट्ट्यावर चालवलं, कानात बघितलं, गुडघ्यावर हातोडी मारली. काकू बाहेरच्या बाकावर काकांचा शर्ट, चष्मा, घड्याळ आणि चपला सांभाळत बसल्या होत्या. पलीकडे बसलेल्या बाईने विचारलं, "तुमची तपासणी नाही का?"

"माझं काही लागलं नाही," काकू म्हणाल्या.

त्यांच्या हातून घड्याळ खाली पडलं. नर्सने उचलून दिलं. दुसऱ्यांदा पडलं तेव्हाही तिनेच उचललं, आणि जरा थांबून त्यांच्या हाताकडे बघितलं. तेवढ्यात तिला आतून हाक आली. काका बाहेर आले ते चेहऱ्यावर मिरवणूक घेऊन. हृदय उत्तम, साखर नाही, हाडं मजबूत. "गुडघे तर तिशीतल्या माणसाचे आहेत म्हणे," त्यांनी काकूंना सांगितलं आणि शर्टासाठी हात पुढे केला. बायकोने शर्ट डाव्या हाताने दिला हे त्यांनी पाहिलं असणारच. डोळेही उत्तम आहेत असं तपासणीत निघालं होतं.

दैव देतं आणि कर्म नेतं, असं म्हणायची पद्धत आहे. इथे कर्माला तेवढेही श्रम पडले नाहीत. दैवानेच पत्ता चुकवला.

चार खुर्च्या पोचल्या होत्या. पाचवी चौकट टेबलांवर होती तेव्हा मुलगी रविवारी भेटायला आली. काकू आत स्वयंपाकघरात होत्या. मुलगी सहज टेबलाखाली सरकली, लहानपणी सरकायची तशी, आणि म्हणाली, "सोडा बाबा पट्टी. बघू येतं का अजून."

"तुला कसलं येतंय! ऑफिसात बसून बोटं लोण्याची झाली असतील."

"सोडा तर खरी."

काकांनी पट्टी सोडली. खालून हिसका बसला आणि वरची वीण टण्णकन ताठ झाली. दुसरी सोडली. तीही तशीच. काकांनी अंगठ्याने दाबून बघितलं, टिचकी मारली. कितीतरी दिवसांत न ऐकलेला आवाज आला.

"वेत चांगला आहे गं!" काका आनंदाने ओरडले. "अगं, ऐकलंस का? वेत एकदम चांगला आहे!"

आणि मग त्यांनी वाकून टेबलाखाली कोण बसलंय ते बघितलं.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. उजवा हात पदराखाली होता. मुलगी टेबलाखालून डोकं बाहेर काढून आधी बापाकडे, मग आईकडे बघू लागली. वेत निर्दोष सुटला होता. आता घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"मी दाताने ओढत होते," काकू म्हणाल्या. "बोटं धरत नाहीत हो."

काकांनी त्यांचा हात पदराबाहेर काढला आणि उजेडाकडे नेला. अंगठ्याखालचं मांस आत गेलं होतं, तिथे खळगा पडला होता. हा हात त्यांनी आयुष्यभर बघितला होता, पण कायम भोकातून येणारी दोन बोटं एवढाच. पूर्ण हात केवढा आहे याचा त्यांना अंदाजच नव्हता.

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्या व्यापाऱ्याला रागावलात ना, त्याच्या आधीपासून."

दुसऱ्या दिवशी मुलीने रजा टाकून आईला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. काका बाहेर बसले. या वेळी चपला, चष्मा आणि पिशवी त्यांच्या मांडीवर होती. मानेतली शीर दाबली गेली आहे, डॉक्टरीण म्हणाली. बुटक्या स्टुलावर बसून मान वर करून वर्षानुवर्षं काम केलं की होऊ शकतं, आणि पट्टी दाताने धरून मान झटकत राहिल्याने भरीत भर पडली असणार. ऑपरेशन करावं लागेल. त्याने पुढे वाढायचं थांबेल.

"आणि गेलेलं?" काकांनी विचारलं.

"गेलेलं परत येईल असं मी सांगत नाही. सुरुवातीला आला असतात तर वेगळं बोलले असते."

"सुरुवातीला आम्ही वेत बदलत होतो," काका म्हणाले. डॉक्टरणीला ते कळलं नाही आणि तिने पुढच्या पेशंटला बोलावलं.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. काकूंना कप धरता येतो, अर्धा भरलेला असला तर. बटण लावता येत नाही, ते काका लावतात. पहिल्यांदा लावलं तेव्हा एक भोक चुकलं आणि संपूर्ण रांग तिरकी गेली.

"इतकी भोकं बघितलीत आयुष्यात," काकू म्हणाल्या, "आणि पाचच मोजता येत नाहीत?"

काका हसले नाहीत. त्यांनी सगळी बटणं काढून परत पहिल्यापासून लावली.

दीड खुर्ची राहिली होती. एक हात वर, एक हात खाली, असं बाकीच्यांसारखं विणून बघायचा काकांनी प्रयत्न केला. त्यांच्या डाव्या हाताने उभ्या आयुष्यात चौकटीची खालची बाजू बघितली नव्हती. तो तिथे जाऊन परक्या घरात पाहुणा चाचपडतो तसा चाचपडायचा. शेवटी त्यांनी वेगळा उपाय केला. वरून पट्टी भोकात घालायची, उठायचं, वळसा घालून टेबलाखाली जायचं, स्टुलावर बसून ताण द्यायचा, टोक वर काढायचं, पुन्हा उठून वर यायचं. प्रत्येक भोकाला एक फेरी. गुडघ्यांनी साथ दिली.

काकू भिंतीला टेकून हे बघत बसायच्या. वरचं काम त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"तिकडे मान कशी ठेवायचीस तू?" काका खालून विचारायचे.

"ठेवायची नाही. राहायची."

"दुखायची?"

"आता काय त्याचं. ओढा तुम्ही, वाळेल ती."

अशा रीतीने दीड खुर्चीला पावसाळाभर वेळ लागला. मधे दातांच्या डॉक्टरांचा दोनदा फोन आला. घरात आजारपण आहे म्हटल्यावर ते बिचारे सावकाश द्या म्हणाले. दोन्ही खुर्च्या घट्ट झाल्या, टिचकी मारली तर वाजण्याइतक्या. काकांनी त्या हातगाडीवर दोरीने बांधल्या आणि काकूंना म्हणाले, "चल. सहाही पुऱ्या झाल्या. बघून तरी ये."

डॉक्टरांनी दोघांचं आपुलकीने स्वागत केलं, काकूंच्या हाताची चौकशी केली, भरलेला दात बघितला आणि खुर्च्या आत घेऊन त्या आधीच्या चार खुर्च्यांजवळ जिन्याखाली ठेवायला सांगितल्या. वेटिंग रूममध्ये त्यांनी गेल्या महिन्यातच स्टीलचा बाक बसवून घेतला होता. त्यावर पाच जण बसतात.